दारातली वीट

समान हक्कांच्या उद्याच्या सभेतलं भाषण लेक आईला स्वयंपाकघरात वाचून दाखवत होती. "पिढ्यानपिढ्या आमच्या तोंडावर दारं आपटली गेली! रूपक जमलंय ना? टाळ्या हमखास!" मटार सोलता सोलता आई म्हणाली, "तोंडावर नाही गं, बोटांवर." लेक हसली, मग थबकली. आईची तीन वाकडी बोटं लाँड्रीतल्या यंत्रात चेंगरली, असंच तिला माहीत होतं. "तुझ्या वेळी कळा सुरू झालेल्या. प्रसूतिगृहाची चौकट धरून उभी होते. 'तुमच्या लोकांना घेत नाही,' म्हणत नर्सनं दार आपटलं." "मग मी कुठे झाले?" "पायरीवर." घरातलं एकही दार मिटू नये म्हणून आई विटा लावते, यावरून लेकीनं जन्मभर थट्टा केली होती. तिनं ते वाक्य खोडायला घेतलं. "अगं, खोडतेस कशाला? चांगलंय की. फक्त त्यात माझी बोटं घाल."