काढा की गोळी

लढाईच्या साली धाड गावच्या मंजुळाबाईंचं तोंड आलं. भाकरीचा घास गिळवेना. थोरल्या सुनेनं वैद्य बापाकडून आणलेला ज्येष्ठमधाचा काढा उकळला, तर धाकटीनं खामगावच्या डॉक्टरची 'ब' जीवनसत्त्वाची गोळी पुढं केली. मंजुळाबाईंनी कमरेच्या किल्ल्या खुळखुळवल्या, "जिच्या औषधानं बरं वाटन, तिले कोठीच्या किल्ल्या!"

मग एक आठवडा काढा, दुसरा आठवडा गोळी, आणि पाय चेपायला रोज दोघी. अशी माया मंजुळाबाईंनी माहेरीही पाहिली नव्हती.

नदीवरून धुणं घेऊन आलेल्या सुनांनी दारातूनच विचारलं, "आता कसं वाटून राह्यलं, आत्याबाई?"

ठेचा-भाकरीचं ताट घाईघाईनं पदराआड सारत मंजुळाबाई कळवळल्या, "अजून लय आग होऊन राह्यली वं माय!"