जप्त केलेला भुंगा

"पालक आल्याशिवाय मिळणार नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पत्र्याच्या डब्याचं झाकण लावून टाकलं.

तो गुडघे टेकून जमिनीवर बसला होता. वय एक्कावन्न. हातात औषध सोडायची सुई, गळ्यात मास्क. बाईंच्या जुन्या लाकडी कपाटाला वाळवी लागली होती, म्हणून त्याला बोलावणं आलं होतं. दार उघडलं तेव्हाच त्याने आपल्या गणिताच्या बाईंना ओळखलं आणि नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. मास्कमुळे बाईंनी मात्र त्याला ओळखलं नव्हतं. मग कपाट रिकामं करताना तळाच्या खणातून हा डबा निघाला. आत वर्गातल्या पोरांकडून जप्त केलेल्या वस्तू होत्या. गोट्या, शिट्ट्या, एक खोटी मिशी. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. आणि सगळ्यांच्या खाली हिरवा जपानी भुंगा, मोठं शिंग असलेला. पाय दुमडून पंख उघडले की त्याचा रोबो व्हायचा. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सहावी ब. गणिताच्या तासाला भुंगा उडवणे. पालक आल्यावर परत.'

"बाई, हा माझा आहे," मास्क खाली ओढून तो म्हणाला होता.

बाईंनी त्याला नीट न्याहाळलं. "तिसरा बाक, खिडकीकडचा," त्या म्हणाल्या. "अक्षर सुधारलं का?"

"नाही बाई."

आणि तरीही डबा बंद झाला होता.

त्याच्या घरी काचेच्या कपाटात असले एकतीस जपानी किडे होते. नाकतोडे, गांधीलमाश्या, एक कोळीसुद्धा, आणि सगळ्यांचे रोबो होत. जुन्या बाजारातून, परदेशातल्या अनोळखी माणसांना पत्रं लिहून, कुणाचा पाय कुणाला जुळवून त्याने ते जमवले होते. "दिवसभर किडे मारायचे आणि सुट्टीच्या दिवशी किडेच शोधत हिंडायचं," बायको म्हणायची. "तुमच्या डोक्यात शिरलेला किडा कोण काढणार?" पण कपाटावरची धूळ तीच पुसायची. वरच्या फळीवर मधोमध एक जागा रिकामी होती. तिथे हिरवा भुंगा हवा होता. तो कुठे मिळालाच तर शिंग तरी मोडलेलं असे, नाहीतर तो नकली निघे. आणि खरं सांगायचं तर त्याला कुठलाही हिरवा भुंगा नको होता. जहाजावर नोकरी करणाऱ्या मामाने आणून दिलेला हवा होता. तो त्याने एकदाच शाळेत नेला, आणि तेवढंच पुरलं.

"बाई, माझी मुलगी आता नोकरी करते," त्याने शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"छान. वडील आहेत?"

"आहेत."

"मग घेऊन ये."

दुपारी वडील खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. वय ब्याऐंशी. तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेली, त्यामुळे बातमी वाचून झाली तरी ते छपाईच्या चुका शोधत बसायचे. त्याने खुर्ची ओढली. मग पुन्हा उभा राहिला. मामाने भुंगा दिला त्या दिवशी वडिलांनी बजावलं होतं, "महागाची वस्तू आहे. हरवलीस तर याद राख." म्हणून त्याने घरी कधी तोंडच उघडलं नव्हतं. चाळीस वर्षं ही गोष्ट त्याने पोटात ठेवली होती.

"बाबा, बाईंनी तुम्हाला शाळे... म्हणजे त्यांच्या घरी बोलावलंय."

"काय केलंस?"

त्याने सगळं सांगितलं. वडिलांनी शांतपणे वर्तमानपत्राची घडी घातली. आता बोलणी बसणार, असं त्याला वाटलं.

"माझा इस्त्रीचा शर्ट काढ," वडील म्हणाले.

रस्त्याने ते पुढे आणि हा मागे. कोपऱ्यावर पोहोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, वडील काठी घरीच विसरले होते.

बाईंनी वडिलांना खुर्ची दिली. त्याला बस म्हणाल्या नाहीत, म्हणून तो उभाच राहिला. मग त्यांनी रीतसर तक्रार सांगितली. अपूर्णांकांचा धडा चालू होता, भुंगा फळ्यावर येऊन आदळला, खडू पडला, वर्ग हसला.

वडिलांनी मान खाली घातली. "पुन्हा असं होणार नाही."

"घरी लक्ष ठेवत चला," बाई म्हणाल्या. त्यांच्या ओठांचे कोपरे हलले, पण त्यांनी ते सावरले. चिठ्ठीवर वडिलांची सही घेतली आणि भुंगा त्यांच्या हातात दिला.

त्याने हात पुढे केला. वडिलांचं लक्षच नव्हतं. त्यांनी भुंगा गुडघ्यावर ठेवला. डाव्या अंगठ्याने पोटाखालची कळ दाबली. सहाही पाय आत घेतले. पंख उघडले, शिंग मागे दुमडलं आणि कमरेत अर्धा फेरा दिला. टक्क आवाज झाला. त्यांनी टेबलावर ठेवताच हिरवा रोबो ताठ उभा राहिला.

तो बघतच राहिला. तो अर्धा फेरा खोक्यावरच्या चित्रात कुठेच दाखवलेला नव्हता. त्याला स्वतःला तो जमायला दोन महिने लागले होते.

"बाबा, तुम्हाला हे कसं येतं?"

वडिलांनी वर पाहिलं नाही. रोबोचा एक हात ते हळूच वर करत होते.

"माझी रात्रपाळी असायची. तू शाळेत गेलास की दिवसभर हा माझ्याकडेच असायचा," ते म्हणाले. "एक दिवस सकाळी घरी आलो, तर हा तुझ्या खणात नाही. आता विचारणार कुणाला?"