आईचा आकडा

रहस्यकादंबरीतला खुनी ओळखला, की आई त्या ओळीवर केसांतला आकडा खोचायची. तिच्यानंतर तेच पुस्तक वाचणारे बाबा करवादायचे, “फोडलास ना शेवट.” पक्षाघाताने आईची वाचा गेली. “तिला काही कळत नाही, ताई. भिंतीला वाचून दाखवतेस तू,” भाऊ म्हणायचा. लेक तरीही रोज वाचायची. आज आईच्या लाडक्या, पियानो शिकवता शिकवता खून उलगडणाऱ्या गुप्तहेर बाईंची नवी कादंबरी अर्ध्यावर आली होती. त्यातले डॉक्टर सांगत होते, “त्या खोलीत मी गेलोच नाही. तिथलं बंद पडलेलं घड्याळ मी कशाला पाहीन?” आईचा डावा हात केसांकडे गेला. आकडा त्याच ओळीवर टेकला. लेकीने थेट शेवटचं पान उघडलं. खुनी डॉक्टरच निघाले. “पुढचं पुस्तक मी वाचणार,” शेजारी बसलेला भाऊ म्हणाला. दारातून बाबा डोळे पुसत करवादले, “फोडलास ना शेवट.”