पास आउट

"हॅज एनीवन पास्ड आउट हिअर?" हेलन मॅडमनी पावडर सुकवणाऱ्या ड्रायरपाशी उभ्या असलेल्या श्रुतिकाला विचारलं.

श्रुतिकाचा चेहरा उजळला. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची बाई आज हा केमिकलचा कारखाना तपासायला येणार, कुणालाही काहीही विचारणार, हे कळल्यापासून ती इंग्रजी वाक्यं घोकत होती. आणि बाईंनी विचारलं ते नेमकं येणारं!

"येस मॅडम! आय पास्ड आउट. फर्स्ट क्लास. राजश्री ऑल्सो पास्ड आउट. ऑल गर्ल्स!"

"ऑल?" मॅडमचे डोळे मोठे झाले.

मॅनेजर महाडिक साहेबांना आधी घाम फुटला आणि मग हसू. त्यांनी सफाईदार इंग्रजीत समजावून सांगितलं, की आमच्याकडे पोरं कॉलेज संपवून बाहेर पडली की त्याला पास आउट म्हणतात. ही बिचारी आपल्या आयटीआयबद्दल बोलते आहे. मॅडम दिलखुलास हसल्या. मागे उभा असलेला सुपरवायझर मुरारी काही न कळता हसला.

चूक कुठे झाली ते श्रुतिकाला कळेना. पास म्हणजे पास, आउट म्हणजे बाहेर. महाडपासून पोलादपूरपर्यंत सगळी पोरं अशीच पास आउट होतात, लग्नाच्या बायोडेटातसुद्धा तसंच लिहितात. पण या इंग्रजी क्रियापदांचा काही भरवसा नाही. चांगलं ओळखीचं असतं, मागे एवढंसं आउट नाहीतर अप चिकटलं की ओळखच देत नाही.

साहेब हसू तसंच ठेवून तिच्या कानाशी आले. "अगं, इथे कोणी चक्कर येऊन पडलं होतं का, असं विचारतायत त्या. नो मॅडम म्हण आणि मोकळी हो."

आता श्रुतिकाचं हसू गेलं.

मागच्याच आठवड्यात राजश्री इथे, याच ड्रायरसमोर, कोसळली होती. सॉल्व्हंटच्या वासाने डोकं जड होतं म्हणून ती कधीची सांगत होती, पण ऐकतो कोण. साहेबांनी निकाल दिला, पोरगी उपाशी आली होती, असली अशक्त माणसं आम्हाला नकोत. तेव्हापासून राजश्री दोघींच्या बिरवाडीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. उपाशी म्हणे! त्या सकाळी दोघींनी एकाच तव्यावरची भाकरी खाल्ली होती. श्रुतिकाला राजश्रीची नोकरी गेल्यापेक्षा हे जास्त झोंबलं होतं.

नो म्हटलं तर श्रुतिकाची स्वतःची नोकरी राहणार होती. येस म्हटलं तर सरळ एसटी धरून गावी कुडपणला जायचं आणि आईबरोबर नाचणी लावायची.

"साहेब, राजश्री पडली ना," ती हळूच म्हणाली.

"ती अशक्त होती. नो म्हण."

"नाय म्हननार."

ती मॅडमकडे वळली. "मॅडम, राजश्री टू टाइम पास्ड आउट. वन टाइम आयटीआय. वन टाइम हिअर."

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. साहेबांनी जराही वेळ दवडला नाही. हिचं इंग्रजी कच्चं आहे मॅडम, हिला आयटीआयच म्हणायचं आहे, असं म्हणत त्यांनी पुढच्या विभागाकडे हात केला. मॅडम क्षणभर घुटमळल्या आणि निघाल्या.

श्रुतिकाचं डोकं फिरलं. खरं सांगितलं तरी ते चुकीचं इंग्रजी ठरत होतं. तो मेला शब्दसुद्धा साहेबांच्या बाजूचा निघाला. आणि तिच्याजवळचं इंग्रजी तर तेवढ्यावरच संपलं होतं.

तिने डोक्यावरचं हेल्मेट काढून ड्रमवर ठेवलं. "मॅडम!" अशी हाक मारली आणि मॅडमनी वळून बघताच ड्रायरसमोरच्या फरशीवर आडवी झाली. मान कलती, हात लुळे, डोळे मिटलेले.

"राजश्री," ती पडल्या पडल्या म्हणाली. "पास्ड आउट. हिअर. अशी."

"उठ गो, उठ!" मुरारी घाबरला.

"गेट अप!" साहेबांचा सफाईदारपणा पार गेला होता. "गेट अप, नाहीतर गेट आउट!"

श्रुतिका हलली नाही. हेलन मॅडम परत आल्या, तिच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या, तिच्या खांद्याला हात लावायला वाकल्या आणि तशाच थबकल्या. पाहुण्यांसाठी सकाळपासून मोठे पंखे लावले होते, पण त्यांचा वारा सगळा वरच होता. खाली ड्रायरच्या पोटाशी तो पोचत नव्हता. तिथे वास साचून होता. मॅडमना ठसका लागला. नाकावर रुमाल दाबून त्या उठल्या आणि ड्रायरकडे बोट दाखवून साहेबांना म्हणाल्या, "टर्न इट ऑफ."

"ऑफ, मॅडम?" हा शब्द जन्मात ऐकला नसावा तसे साहेब उभे राहिले. "यू मीन... आफ्टर द बॅच?"

श्रुतिकाने फरशीवरूनच एक डोळा उघडला.

"ऑफ म्हंजे बंद, साहेब. ह्याला दुसरा अर्थ नाय."