काठोकाठ

दादांनी पंपाचं बटण दाबलं. कपाटातल्या खालच्या टाकीतलं पाणी पाइपातून वर चढलं, माशांच्या टाकीत गेलं, आणि वर जास्त झालेलं दुसऱ्या पाइपाने निमूट खाली परत आलं. दादांनी एकेका जोडावरून बोट फिरवलं. कोरडं ठणठणीत. स्वारी खूश झाली.

फक्त पंप सुरू झाल्यावर खालच्या टाकीतलं पाणी चार बोटं उतरलं होतं. ते काही दादांना बघवेना. या घराण्याला अर्धं भांडं खपतच नाही. लहानपणी नळाला जेमतेम पाणी यायचं, आणि आईने दोन्ही मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट भरली होती: भांडं रिकामं ठेवणारा तहानेने मरतो. दादांनी बादलीतलं पाणी मगाने ओतून टाकी पुन्हा काठोकाठ भरली.

वहिनी म्हणाल्या, एकदा बंद करूनही बघा. दादा म्हणाले, चालणारी गोष्ट बंद कशाला करायची?

वहिनींना भीती होती ती खालच्या मजल्याची. खाली धाकटा भाऊ राहायचा. मागे एकदा टाकीचं पाणी बदलताना दादांना डुलकी लागली, आणि धाकट्याच्या पलंगावर छतातून धार लागली. तो तावातावाने वर आला, तो बोलला, हेही बोलले, नको नको ते बोलले. पुन्हा थेंब जरी आला तरी घर विकून जाईन, असं सांगून तो जिना उतरला. तेव्हापासून दोघं जिन्यात भेटले की एकाला छत दिसायचं आणि दुसऱ्याला चपला. दादांना ते आतून खात होतं. पण बोलून दाखवतील तर शपथ.

तेवढ्यात लाइट गेली.

पंप गप झाला, पाणी मात्र गप होईना. आवाज नको म्हणून दादांनी पंपाच्या पाइपाचं तोंड माशांच्या टाकीत खोल बुडवून ठेवलं होतं. आता त्याच तोंडाने वरचं पाणी उलटं खाली ओढलं जाऊ लागलं, आणि खाली तर बोटभरही जागा नव्हती. कपाटातून पहिला ओघळ फरशीवर आला.

दादा स्टुलावर चढले, खांद्यापर्यंत हात टाकीत घातला आणि तळव्याने पाइपाचं तोंड दाबून धरलं. ओघळ थांबला. पण आता हात काढायची सोय राहिली नाही.

वहिनींनी टॉवेल टाकले आणि बादली आणायला धावल्या. घरातली एकूण एक बादली भरलेली. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "धाकट्या भावजींना बोलावते."

"नको," दादा म्हणाले. "जाईल तो घर विकून."

वहिनींनी जिन्यात जाऊन हाक मारलीच.

धाकटा बनियनवरच वर आला. हातात बादली होती, रिकामी, आतून अजून ओली. त्याने स्टुलावरचे दादा पाहिले, खालची टाकी पाहिली.

"काठोकाठ?"

"सवय," दादा भिंतीकडे बघत म्हणाले.

"माझ्याही सगळ्या भरलेल्याच होत्या. ही ओतून आणली."

मग तो गुडघ्यावर बसला आणि खालच्या टाकीतलं पाणी मगाने बादलीत काढू लागला. जरा जागा झाल्यावर त्याने वहिनींकडून खिळा आणि पक्कड मागून घेतली आणि खिळा गॅसवर लाल केला. दादांचा जीव खालीवर झाला. नव्याकोऱ्या पाइपाला भोक? हवा आत गेली की पाणी ओढायचं थांबेल, असं सांगून धाकट्याने पाण्याच्या जुन्या रेषेच्या जरा खाली, पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या पाइपाला खिळा टेकवला. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. पाइपाने सुर्रकन हवा ओढली, त्याच्यातलं पाणी खाली उतरलं, आणि मग सगळं शांत झालं.

"थांबलं, दादा. हात काढ."

"राहू दे जरा," दादा म्हणाले. "खात्री होऊ दे."

वहिनींनी दोघांकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. एक मासा येऊन दादांच्या कोपराला तोंड लावून गेला. धाकटा टॉवेल पिळत होता.

लाइट आली. पंप पुन्हा घुर्र करू लागला, पाणी दादांच्या बोटांच्या फटींतून वर आलं, आणि भोक पाण्याखाली गेलं.

"आता तरी काढ हात," धाकटा म्हणाला.

"पुन्हा जाईल लाइट."

 धाकट्याने बादली बाथरूममध्ये नेऊन ओतली, परत आणली, स्टुलाशेजारी पालथी घातली आणि तिच्यावर बसला.