खांद्यावरचा पाय

वर्कशॉपात आलेल्या, जुन्या लढाईतल्या एका चिलखती गाडीचं इंजिन उपसून नवं डिझेल इंजिन बसवेपर्यंत माझ्या कमरेचा काटा ढिला झाला होता.

"दाजी, अंगणात एक चक्कर मारू आणि घरी जाऊन पाठ टेकू," मेहुणा म्हणाला. तो वर चढायला मागे गेला, मी खाली चालकाच्या जागी घुसलो. वर धप्प आवाज झाला, तसा मी ब्रेक सोडला. नव्या इंजिनाबरोबर गिअरही आपोआप पडणारे बसवले होते; ब्रेक सोडला की गाडी पुढे सरकायची.

या गाड्यांची एक रीत होती. जुन्या इंजिनाच्या धडधडाटात हाक ऐकू यायची नाही, म्हणून चालकाच्या मागे वर बसलेला माणूस पायाने सांगायचा. उजव्या खांद्यावर पाय पडला की उजवीकडे, डाव्यावर डावीकडे, दोन्हींवर पडले की सरळ. मेहुण्याला या रीतीचं भारी कौतुक.

उजव्या खांद्यावर बूट टेकला. मी वळलो. पुन्हा टेकला, पुन्हा वळलो.

"पुरे रे! नव्या इंजिनाचा आवाज नाही, तोंडाने सांग."

डाव्या खांद्यात टाच रुतली. वाद घालायचंही त्राण नव्हतं. वळलो.

समोरच्या फटीतून वर्कशॉपचं दार दिसलं. दारात मेहुणा उभा होता. दोन हातांत चहाचे दोन कप, पायांत रबरी चपला.

"मला सोडूनच निघालात होय, दाजी?" तो हसत म्हणाला.

मी ब्रेक दाबला.

दोन्ही खांद्यांवर बूट टेकले. माझा दमलेला पाय ब्रेकवरून आपसूक उचलला गेला.