चौकटीची वही

दक्षा वेबपेज बनवायला शिकली ती चौकटीच्या वहीत. तलासरीच्या शाळेतला कम्प्युटर शेवटपर्यंत खोक्यातून बाहेर आलाच नाही. ओळ आत घ्यायची तर चार चौकटी सोडायच्या आणि उघडलेला टॅग, म्हणजे कोनी कंसातली खूण, आपल्या हातांनी बंद करायचा, हे तिच्या बोटांत मुरलं होतं. आज डहाणूत नोकरीच्या परीक्षेला बसली, तर कम्प्युटरवरचा कोड लिहायचा एडिटर स्वतःच ओळ सरकवत होता, स्वतःच टॅग बंद करत होता. बोटं कुठली ऐकतायत! प्रत्येक टॅग दोनदा बंद झाला, ओळी उजवीकडे पळाल्या, स्क्रीन लाल रेघांनी भरली. वैतागून तिने सगळं पुसलं, साधं नोटपॅड उघडलं आणि वहीतल्यासारखं लिहिलं. पान पहिल्याच झटक्यात दिसलं. "एडिटर का सोडलास?" परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी विचारलं. "शिकताना कुणी मदतीला आलं नाही, मॅडम," ती फणकारली, "आणि आता माझं मला येतंय तर हा मध्येमध्ये करतो!"